चौथ्या खेपेला खाच मिळाली: एचडी १८९७३३ बी, मानेवाड्याच्या गच्चीवरून

वसुबारसेच्या आदल्या रात्री पावणेअकराला कॅमेरा थांबवला, दुर्बीण तशीच झाकून ठेवली आणि लॅपटॉप घेऊन खाली आले. मोजणी संपायला साडेबारा वाजले. पडद्यावर आधी ताऱ्याच्या उजेडाच्या बिंदूंची सरळ रांग, मग उतार, तासाभराचा सपाट तळ, पुन्हा चढ. खोली २.३ टक्के. तीन वेळा रिकाम्या हाताने उठले होते, चौथ्या खेपेला अधिक्रमण सापडलं. सुमारे ६४ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह, एचडी १८९७३३ बी, सरकला आणि त्यामुळे आमच्या गच्चीवर पोचणारा उजेड तेवढा कमी झाला. त्या रात्री झोप लागली नाही.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांना आधी जागा सांगते. श्रवणच्या वर शर, शराच्या वर जंबूक, आणि जंबूकात डंबेल तेजोमेघ. त्याच्या पूर्वेला साधारण पाव अंशावर हा ७.७ प्रतीचा तारा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). माझ्या १५० मिमी न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत दोन्ही एकाच चौकटीत येतात, त्यामुळे शोधाशोध नाही. नागपूरकरांना तर हा तारा फारच सोयीचा. त्याची क्रांती (आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर) २२.७ अंश, आपला अक्षांश २१.१५, म्हणजे तो डोक्यावरून जेमतेम दीड अंश उत्तरेकडून जातो. क्षितिजाजवळ कोराडीच्या वीजकेंद्राकडची धुरकट पट्टी असली तरी माथ्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ असतो. अडचण एकच. तो मध्यरात्री माथ्यावर येतो जुलैत, आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ कुठलं? म्हणून उरतो ऑक्टोबर, अंधार पडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत.

पहिली खेप ढगांनी खाल्ली. दुसऱ्या खेपेची चूक माझी, आणि ती नव्या लोकांकडून हमखास होते म्हणून नीट लिहिते. मी तारा टाचणीच्या टोकासारखा फोकस केला. चित्र सुंदर आलं, पण मधले पिक्सेल भरून वाहत होते. भरलेली बादली नळ थोडा बारीक केल्यावरही भरलेलीच दिसते, तसं झालं: दोन टक्क्यांची खाच मला अर्ध्या टक्क्याची दिसली. आता मी फोकस मुद्दाम बिघडवते. तारा मेदूवड्यासारखा दिसला पाहिजे, आणि सगळ्यात उजळ पिक्सेल कमाल क्षमतेच्या निम्म्यावर राहिला पाहिजे.

तिसऱ्या खेपेला खाच आली, पण भाकितापेक्षा चाळीस मिनिटं आधी! दोन दिवस डोकं धरून बसले होते. शेवटी फ्रेम भराभर पुढेमागे पळवून पाहिल्या तेव्हा दिसलं की ध्रुवाशी अक्ष नीट न जुळल्यामुळे तारा रात्रभर तिरका सरकत होता, आणि बरोबर त्याच वेळी सेन्सरच्या काचेवरच्या धुळीच्या एका गोल डागावरून गेला होता. माझा ग्रह म्हणजे एक कण होता. त्यानंतर अक्ष पुन्हा जुळवला, गाईडिंग (तारा चौकटीत जागच्या जागी धरून ठेवणारी सोय) लावलं, आणि फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग काढून टाकण्यासाठी सारख्या उजेडाचे फोटो) त्याच संध्याकाळी, कॅमेरा न हलवता घ्यायच्या असा नियम केला.

चौथ्या रात्री शेजारच्या काकूंचा जिन्यावरचा एलईडी थेट दुर्बिणीच्या नळीत येत होता. त्या स्वतःच वर आल्या. "काय करून राहिली गं तू रोज रात्री वरतं? एवढ्या उजेडात काही दिसते का?" सांगितल्यावर त्यांनी दिवा बंद केला तो अकरापर्यंत लावला नाही. आठ सेकंदांच्या फ्रेम, लाल फिल्टर, तुलनेसाठी चौकटीतले तीन मंद तारे मिळून एक. एकेका फ्रेमचा बिंदू अर्ध्या टक्क्याने वरखाली नाचतो, पाच मिनिटांची सरासरी घेतली की शांत होतो. वेळेचंही भान ठेवा. लॅपटॉपचं घड्याळ आधी इंटरनेटवरून मिळवून घ्यायचं आणि नंतर पृथ्वीच्या जागेची दुरुस्ती लावायची, कारण पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यावर ताऱ्याचा उजेड थोडा आधी किंवा नंतर पोचतो. या ताऱ्यासाठी ती ऑक्टोबरात दोन-तीन मिनिटांचीच असते, पण वर्षातल्या इतर दिवसांत सहा मिनिटांपर्यंत जाते.

आता या खाचेतून काय निघतं ते. २.३ टक्क्यांचं वर्गमूळ साधारण ०.१५, म्हणजे ग्रहाची रुंदी ताऱ्याच्या ०.१५ पट. तारा सूर्याच्या पाऊणपटीहून किंचित मोठा, म्हणजे ग्रह गुरूच्या १.१५ पट रुंद. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, त्यावरून मोजलेलं त्याचं वस्तुमान गुरूच्या १.१३ पट आहे. दोन्ही एकत्र केले की घनता पाण्याच्या आसपास येते, म्हणजे हा बहुतांशी वायूच. आणि तो ताऱ्यापासून अवघ्या ४६ लाख किलोमीटरवर, २.२ दिवसांत एक फेरी मारत, हजार अंशांच्या आसपास तापलेला. आपला बुधसुद्धा सूर्यापासून ५.८ कोटी किलोमीटरवर आहे. एवढा वायू तिथे आला कुठून, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सोडत नाही.

बहुतेक अभ्यासकांचं मत असं की हा तिथला नाहीच. नव्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत हिमरेषेच्या पलीकडे पाणी गोठतं, घन माल वाढतो आणि ग्रहांचे गाभे भराभर मोठे होतात. पण तबकडीतला वायू ही पंगत आहे, आणि ती फार वेळ चालत नाही. साधारण ३० लाख ते १ कोटी वर्षांत ती उठते, तारा उरलासुरला वायू उधळून लावतो. तेवढ्या वेळात ज्याचा गाभा पृथ्वीच्या दहापट झाला, तो पानावर बसला. आधी तो हळूहळू वायू जमवतो, पण जमवलेला वायू गाभ्याच्या तोलाचा झाला की ओढ अनावर होते आणि बघता बघता गुरू तयार होतो. युरेनस-नेपच्यूनचे गाभे उशिरा वाढले, त्यांच्या वाट्याला थोडंच आलं, असं मानतात. (आपण श्वास घेतो ती हवा या पंगतीतली नव्हे. ती नंतर खडकांतून आणि ज्वालामुखींतून निघाली, काही बाहेरून आली.) पीडीएस ७० या ताऱ्याभोवती पंगत चालू असतानाच दिसली आहे. तिथले दोन ग्रह २०१८ आणि २०१९ मध्ये सापडले, आणि ओढलेला हायड्रोजन त्यांच्यावर कोसळताना लाल चमकतो. माझ्या मते या दशकातलं ते सगळ्यात मोलाचं चित्र आहे.

पोट भरल्यावर ग्रह आत कसा सरकला, यावर दोन मतं आहेत: तबकडीतून घसरत, किंवा दुसऱ्या कुणाच्या धक्क्याने लांबट कक्षेत जाऊन. आमच्या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या फिरण्याशी जवळपास जुळलेली आहे, म्हणून मी पहिल्याकडे झुकते. पुरावा मात्र ग्रहाच्या हवेत सापडू शकतो. ऑक्सिजन आणि कार्बन असलेले पदार्थ (पाणी, कार्बन मोनॉक्साइड वगैरे) ताऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर गोठतात, त्यामुळे ग्रहाने कुठला वायू घेतला आणि किती बर्फ गिळला याची खूण ऑक्सिजन-कार्बनच्या प्रमाणात उरते. वेब अवकाश दुर्बिणीने या ग्रहाच्या हवेत पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड पाहिले, आणि २०२४ मध्ये हायड्रोजन सल्फाइड मिळाल्याचं जाहीर झालं, म्हणजे सडक्या अंड्याचा वास! शिवाय त्याचा हायड्रोजन अजून उडून जातो आहे, हे हबलने टिपलं आहे.

माझ्या १५० मिमीत हे काही दिसणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. ही हवा दर दोनेकशे किलोमीटर उंचीला साधारण तिपटीने विरळ होते, ग्रहाची त्रिज्या ऐंशी हजार किलोमीटर. हिशेब केला तर हवेच्या अशा एका थरामुळे खाचेत पडणारा फरक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढा. माझा बिंदू सरासरीनंतरही त्याच्या कितीतरी पट हलतो. पण मोठ्या दुर्बिणींना ग्रह नेमका केव्हा समोर येणार हे मिनिटांत माहीत हवं असतं, आणि ते घड्याळ लहान दुर्बिणी राखू शकतात. परताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची हवा तपासणाऱ्या युरोपच्या एरियल अवकाश मोहिमेसाठी एक्झोक्लॉक प्रकल्प हौशी लोकांकडून अशाच वेळा घेतो. माझी वेळ भाकितापासून दीड मिनिटाने सुटली, मोजणीतली संभाव्य चूक दोन मिनिटांची. पाठवते आहे.

पुढचं लक्ष्य वास्प-३९ बी. वजन गुरूच्या जेमतेम पाव, रुंदी सव्वापट, म्हणजे अगदी फुगलेला. २०२२ मध्ये वेबने कार्बन डायऑक्साइड स्पष्ट पाहिला तो याच्याच हवेत. तारा १२ व्या प्रतीचा, कन्या राशीत, एप्रिलच्या मध्यरात्री उंच. मेख अशी की एप्रिलात आपल्या गच्चीवर रात्रीही तीस अंश असतात आणि सेन्सर तापला की फ्रेमभर पांढरी पुरळ उठते. थंड करणारा कॅमेरा उणे पाचपर्यंत तरी जातो का, हे मार्चमध्ये गच्चीवरच तपासणार आहे. मिनिटभराच्या फ्रेम घ्याव्या लागतील, म्हणजे गाईडिंगची परीक्षा. नागपुरात कुणी १२ व्या प्रतीवर अधिक्रमण पकडलं असेल तर तुलनेचे तारे कुठले घेतले ते कळवा.