ठिय्यावर थिअरी कशी उभी राहते

सध्या पीएचडीच्या पोरापोरींचे ड्राफ्ट वाचतेय आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगावीशी वाटते. मुलाखतींचं कोडिंग केलं (तुकड्या-तुकड्याला नाव दिलं), पाच-सहा थीम काढल्या, प्रत्येकीखाली दोन-दोन वाक्यं चिकटवली, म्हणजे थिअरी झाली असं नाही हो. ती वर्गवारी झाली. एखादी गोष्ट कधी होते, कधी होत नाही आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

मी इथं नागपुरात रिंग रोडच्या बाजूला मजुरांच्या एका ठिय्यावर, म्हणजे रोजच्या कामासाठी ते जिथं येऊन थांबतात तिथं, सकाळी जाऊन बसते, चौकाचं नाव मुद्दाम देत नाही कारण तिथले लोक लगेच ओळखू येतील. ठेकेदार बाइकवर येतो. इंजिन चालूच ठेवलं तर कोणी जागचं हलत नाही, बंद केलं की चार जण जवळ येतात आणि मिस्त्री पैसे विचारायच्या आधी विचारतो, "कोणाच्या घरचं काम हाय, भाऊ?" मग कुठं, मग किती दिवसाचं, आणि मजुरी सगळ्यात शेवटी. वहीत हे जसंच्या तसं लिहिलं आणि बाजूला मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं टिपण, टाकला: घराची चौकशी आधी कायले? उत्तर एका मिस्त्रीनंच दिलं, संध्याकाळी पैसे बुडवले तर जायचं कोणाच्या दारात, मालकाचं घर तरी माहीत पाहिजे न. म्हणून माझ्या कोडचं नाव झालं "दार माहीत करून घेणं".

खरं काम इथून पुढे सुरू होतं, प्रसंगाला प्रसंग लावून बघायचं. ओळखीचा ठेकेदार आला की एकही प्रश्न नाही, सरळ मागच्या सीटवर बसतात. दहा वाजून गेले की प्रश्न कमी होतात, दिवस खाली जाण्यापेक्षा जोखीम बरी. आणि रेजा, म्हणजे बांधकामावर मजुरी करणाऱ्या बाया तर काहीच विचारत नाहीत, पण ज्या मिस्त्रीच्या बाजूला उभ्या असतात तो नाही गेला तर त्याही जात नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यामुळे तपासणी एकट्याची नसते, टोळीची असते, हे दिसतं आणि कोड बदलावा लागतो.

ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी ग्राउंडेड थिअरी, म्हणजे प्रत्यक्ष जे दिसतं त्यातूनच थिअरी उभी करायची पद्धत, 1967 मध्ये मांडली, त्याआधी ते कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांत मरणाच्या दारातल्या पेशंटबद्दल काम करत होते, आपण मरणार हे पेशंटला माहीत आहे का, आणि कोण काय लपवतंय. त्यांनी वॉर्ड मुद्दाम वेगवेगळे निवडले, आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा, जिथं पेशंटला कळायचा प्रश्नच नाही, पुढे आयसीयू, कॅन्सर. पुढचा वॉर्ड कोणता हे आधीच्या वॉर्डात जे दिसलं त्यावरून ठरायचं. आपल्याकडे सॅम्पल प्रपोजलमध्येच ठरवून टाकतात, मग शिकायला जागाच कुठं उरते?

म्हणून मी आता नागपुरातल्याच कळमन्याच्या बाजारात जाणार आहे. तिथं हमालीचे दर पोत्यामागे आधीच ठरलेले असतात, मग पैसे कोण देणार याची चौकशी तिथंही होते का, आणि होत असेल तर कोण करतं, ते बघायचंय.