पाळकसाहेबांचे कूलर : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव आहे, पण नागपुरात मोहननगरपासून जरीपटक्यापर्यंत ते कोणी घेत नाही. "पाळकसाहेबाकडे नेऊन टाका," एवढंच म्हणतात आणि कूलर आमच्याकडे पोचतो.

मी खरोखरच १८ वर्षं पाळक होतो. शब्द ओळखीचा नसेल तर सांगतो, पाळक म्हणजे आमच्या प्रोटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, धर्मगुरू. रविवारची उपासना, उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, मयती, आजाऱ्यांच्या भेटी आणि कधीही न संपणाऱ्या कमिटीच्या मीटिंगा. २०१५ साली, वयाच्या ४६व्या वर्षी हे सगळं थांबवून मी कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. का, ते नातेवाइकांना मी पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे. इथे खरं ते लिहितो.

मुळात मी हातकामाचा माणूस. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत चार वर्षं मोटारी रिवाइंड केल्या. मग देवाचं बोलावणं आलं. ते कसं आलं हे सांगायला ही जागा नव्हे. पुण्याला धर्मशिक्षण घेतलं, १९९७ साली दीक्षा झाली आणि पुढे बदल्या होतील तिथे संसार हलवत राहिलो. पाळकाला राहायला पार्सनेज मिळतं, त्यामुळे स्वतःचं घर बांधायचं राहूनच जातं. चाळिशी ओलांडली तेव्हा आमच्या नावावर एक स्कूटर आणि पुस्तकांच्या नऊ पेट्या होत्या. बायको नर्स, तिच्या पगारावर घर तगलं. मुलीची कॉलेजची फी तोंडावर आली होती. दुसरी वाट शोधायला एवढं कारण पुरेसं होतं, पण खरं कारण हे नाही.

२०१४ च्या मे महिन्यात मंडळीतल्या एका घरी भेटीला गेलो होतो. चहा झाला, स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. खिडकीत लोखंडी कूलर चालू होता. त्याचा प्लग दोन पिनांचा, अर्थिंगची हिरवी तार कापून टेपने गुंडाळलेली. प्रार्थनेआधी माझी नजर त्यावर गेली होती. पाळकाने लोकांच्या वायरिंगमध्ये काय नाक खुपसायचं, असं मनात आलं आणि मी काही बोललो नाही. अकरा दिवसांनी त्या घरातला कर्ता मुलगा ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून कूलरमध्ये पाणी भरत होता. कूलर चालू होता. त्याची मयत मीच केली. कबरेपाशी वाचायचे ते उतारे वाचले. लोक म्हणाले, पाळकसाहेब फार सुंदर बोलले.

त्यानंतर वर्षभर मी काम करत होतो, पण कोणाच्याही घरी गेलो की आधी प्लग बघायचो.

राजीनामा दिला तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे घरी आले आणि दोन तास बसले. मी त्यांना आपल्या नागपूरच्याच स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं उदाहरण दिलं. १८४५ साली ते नागपुरात आले सुवार्तेसाठी, पण खडक आणि जीवाश्म गोळा करत रानोमाळ हिंडले, गोंडांच्या गोष्टी-गाणी टिपून ठेवली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या नावाने १८८३ साली निघालेलं कॉलेज आजही आहे. म्हणजे सेवा करणाऱ्याने दुसरं काही करू नये असं थोडंच आहे? त्या वडीलधाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिस्लॉपसाहेबांनी दगड विकले नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मोहननगरजवळ दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली. इतवारीच्या लोहा ओळीतून पाने-पक्कड, सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांतून कपॅसिटर आणि पंप आणले. मदतीला एक पोट्टा ठेवला, तोच आता आमचा मोठा मिस्त्री आहे. २०१६ चा उन्हाळा हा आमचा पहिला पुरा सीझन. होळीपासून मृगापर्यंत एक दिवस उसंत नव्हती, आणि जूनमध्ये हिशेब मांडला तर चौदा हजारांचा तोटा.

कारण साधं होतं, मला पैसे मागता येत नव्हते. १८ वर्षं उपासनेत दानाची थैली फिरली, पण ती दुसरे फिरवायचे आणि माझे तेव्हा डोळे मिटलेले असायचे. आता समोर उभं राहून "साडेतीनशे झाले" म्हणायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. त्यात गिऱ्हाईक अर्धं मंडळीतलं. "सलाम पाळकसाहेब! अरे, तुम्ही कूलर दुरुस्त करून राहिले काय आता?" इथून सुरुवात व्हायची. मग घरच्यांची विचारपूस, मग "प्रार्थनेत आठवण ठेवा जी," आणि कूलर घेऊन मंडळी पसार. ज्याचा बाप्तिस्मा मी केला त्याच्याकडून पंपाचे पैसे कसे घ्यायचे? आणि जे मंडळीतले नव्हते ते पाळकसाहेब हे नाव ऐकून धर्मादाय काम असेल असं समजायचे.

शेवटी बायकोने एका दुपारी मला खुर्चीत बसवून विचारलं, "करिंथात प्रेषित पौल पोटासाठी राहुट्या शिवायचा. त्याचे पैसे घ्यायचा की नाही?"

"घेत असणार."

"आणि त्याच्या जोडीला त्याच धंद्यातल्या अक्विल्लाबरोबर त्याची बायको प्रिस्किल्ला होती. दर तीच ठरवत असेल."

दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्यावर स्केचपेनने दरपत्रक लिहून दारात टांगलं. सर्व्हिसिंग, गवत बदलणे, पंप, मोटर, सगळ्यांचे आकडे. खाली एक ओळ : पैसे बाईंकडे द्यावेत. त्या ओळीने धंदा उभा राहिला. ड्यूटी संपवून ती संध्याकाळी दुकानात बसायची, आणि पाळकीणबाईंसमोर घासाघीस करायची कोणाची हिंमत नसे.

कामाचं म्हणाल तर नागपूरचा कूलर अर्धा बिघडतो तो पाण्याने. बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार गवतावर पांढरा थर धरतो आणि हवा अडते. गवत दर वर्षी बदलायला हवं. हनीकोंब पॅड जास्त टिकतात, पण बोअरच्या पाण्यावर तेही दगड होतात. वाळ्याचा वास छान, पण तो महाग, आणि नुसत्या वासाने खोली थंड होत नाही हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं हेही सांगतो. ओली हवा बाहेर गेली नाही तर थंडावा कुठून येणार? निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात, त्यांचे पैसे आम्ही घेत नाही. (बाई घ्या म्हणते.)

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून आहे. अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर आम्ही चालू करून देत नाही. घरी जाऊन आधी सॉकेट तपासतो. अर्थिंग मिळत नसेल तर ते करून घ्या म्हणतो, जमलं तर ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून देतो. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, हे प्रत्येक घरी तोंडी सांगतो आणि टाकीवर स्टिकरही लावतो. यामुळे गिऱ्हाईक गेलंही. "शेजारचा मिस्त्री तर काही बोलत नाही," असं मला कितीतरी जणांनी ऐकवलं आहे. माझा उपदेश अजून संपला नाही, असं मुलगी म्हणते.

२०२० साली २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे कर्ज काढून भरलेला सीझनचा सगळा माल पडून होता. त्या दिवसांबद्दल लिहावं असं फार नाही. दोन्ही पोट्ट्यांचा पगार बायकोच्या पगारातून दिला. कर्ज २०२२ मध्ये फिटलं.

आता आम्ही चौघं आहोत. पावसाळ्यात टाक्या रिकाम्या करणं, घासून बिटुमेनचा हात मारणं आणि कूलर झाकून ठेवणं अशी कामं असतात. टाकीत पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात, म्हणून ही कामं लोक आता आपणहून सांगतात. हिवाळ्यात गिझर आणि मोटारी.

रविवारी दुकान बंद असतं. पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, रविवारी दुपारी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा कूलर बंद पडला तर काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आला. शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर कोण त्याला लगेच बाहेर काढणार नाही, असं येशूने विचारलं होतं. ही गोष्ट मी पोरांना सांगितली. पोरं काही ख्रिस्ती नाहीत, पण त्यांना ती फार आवडली. तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये रविवारच्या तातडीच्या कामापुढे 'बैल' असं लिहिलं जातं. गेल्या मे महिन्यात उपासना संपवून बाहेर पडतो तर मोठ्या मिस्त्रीचा फोन : "सर, धरमपेठेत एक बैल आहे. आजी एकट्याच आहेत, आणि प्लग दोन पिनांचा आहे म्हणतात."

मी चर्चच्या दारातूनच स्कूटर काढली.