दोन ‘क्लास सी’ आणि २८ फुटांचं घर

लॉस एंजेलिसला मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात घेताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, “तुमची क्लास सी आहे.” माझ्या पोटात गोळाच आला. लायसन्सच्या नियमांतही ए, बी, सी हीच अक्षरं वाचली होती. आपलं लायसन्स नेमकं कशात बसतं?

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मोटरहोमचा क्लास म्हणजे गाडीचा घाट. ए बससारखी, बी व्हॅनमध्येच थाटलेलं घर, सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेली. लायसन्सचा क्लास वजन-लांबीवर ठरतो. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम साध्या क्लास सी लायसन्सवर चालतं. त्यापुढे ४५ फुटांपर्यंत बिगर-व्यावसायिक क्लास बी काढावं लागतं. आमच्यासारख्या १८ वर्षांवरच्या पर्यटकांना आपल्या देशाचं वैध लायसन्स पुरतं. आरटीओतून आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) काढून नेलं होतं, पण ते मूळ लायसन्सचं भाषांतर. मूळ कार्ड जवळ नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

तरी मन मानेना. ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं लेबल वाचलं. माणसं, पाणी, सामान सगळं धरून कमाल १४,५०० पौंड, म्हणजे ६,५७७ किलो. आपल्याकडे एलएमव्हीची, म्हणजे हलक्या मोटार वाहनाची, मर्यादा ७,५०० किलो. “बसतंय गं!” ताई म्हणाली, तेव्हा कुठे किल्ली फिरवली.

कागदावर बसलं, हातात बसायला दोन दिवस लागले. पहिल्याच पेट्रोल पंपावर उजवीकडे वळताना मागचा भाग डावीकडे इतका बाहेर फेकला गेला की खाली उभी असलेली ताई ओरडली, “थांब!” खांब जेमतेम वीतभर अंतरावर होता. मागच्या चाकांच्याही मागे कितीतरी फूट घर लोंबकळत असतं, हे कारच्या सवयीत ध्यानातच येत नाही. अशी गाडी हाती देण्याआधी निदान तासभर सराव सक्तीचा हवा, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी ३९५ नंबरचा हायवे सोडून १९० नंबरच्या रस्त्याने डेथ व्हॅलीच्या वाळवंटाकडे निघालो. टाउन पासच्या घाटमाथ्यावर आपण दीड हजार मीटरवर असतो आणि तीसेक किलोमीटरांत थेट समुद्रसपाटीला उतरतो. ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर ब्रेक तापून निकामी व्हायचे. म्हणून माथ्यावरच खालच्या गिअरला टाकली. इंजिन घुमत राहिलं, कपाटातली ताटं खडखडत राहिली आणि समोर पिवळट, पांढुरकी दरी उलगडत गेली. बोलायचं सुचेना.

आर्टिस्ट्स ड्राइव्हच्या तोंडाशी मात्र पाटी: २५ फुटांवरच्या गाड्यांना मनाई. आमची २८. त्या रंगीत टेकड्या राहिल्याच, याची रुखरुख अजून आहे. मग सरळ बॅडवॉटर गाठलं. समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. पायाखाली मीठ करकरतं.

रात्री शेजारी ४३ फुटी बस घेऊन आलेल्या आजोबांनी पाकिटातून क्लास बीचं कार्ड काढून दाखवलं. साठीनंतर याच बसवर परीक्षा दिली होती. रिव्हर्स कसा शिकलात, विचारलं. “रिकामं मैदान, दोन बादल्या आणि माझी बायको,” ते म्हणाले.

सकाळी आमच्याकडे एकच बादली होती. दुसरीच्या जागी ताई उभी राहिली.