वहीतले खोटे आकडे

माझ्या शुगरच्या जुन्या वहीत एक पान फार सुंदर आहे. १२०, १३५, ११८, १४०. अक्षर टापटीप, खाडाखोड नाही. त्या पानावरचा एकही आकडा खरा नाही.

मी चौदा वर्षांची होते, नववीत जायचे होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर, त्यामुळे मी तांब्यावर तांबे पाणी पिते याचं कोणालाच काही वाटलं नाही. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे, ड्रेस अंगावर लोंबायला लागले होते. आजी म्हणाली, "तिले ऊन लागनं." मग उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात आणि खोल चालायला लागला, तेव्हा पप्पांनी गाडी करून धुळ्याला नेलं. शुगर ४८६ निघाली.

निदान झालं टाइप वन मधुमेहाचं. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही, गोळ्यांवर भागतही नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. रात्री एक लांब पल्ल्याचं आणि प्रत्येक जेवणाआधी एक, म्हणजे दिवसाला निदान चार सुया. सुयांची सवय मला महिन्याभरात झाली. मीटरला बोट टोचणं, इन्सुलिन टोचायच्या पेनवर युनिट, म्हणजे इन्सुलिनचं माप, फिरवून लावणं, पोटावरची जागा रोज बदलणं, सगळं आलं.

सवय झाली नाही ती लपवण्याची. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी माझ्या एका काकूनं आईला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीची जात आहे, बाहेर बोलू नका. उद्या लग्नाचं कसं करणार?" काकू वाईट नाही, तिला खरंच काळजी होती. पण त्या दिवसापासून पेन कपाटात साड्यांच्या मागे गेलं. पाहुणे आले की मी न्हाणीघरात जाऊन इन्सुलिन घ्यायचे. शाळेत मधल्या सुट्टीतलं तर घ्यायचेच नाही. मैत्रिणीला वाटायचं मला ॲसिडिटी आहे.

दहावीच्या वर्षी श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसल्या. सगळी भाऊबंदकी जमलेली, अंगणात पंगत. माझ्या ताटात पुरणपोळी पडली आणि काकूनं ती सगळ्यांसमोर उचलून घेतली. "तुला नको ना गं." शेजारी बसलेली चुलतबहीण माझ्याकडे बघायला लागली. मी वरण-भात खाऊन उठले. रात्री सगळे झोपल्यावर धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, बसून तीन पोळ्या खाल्ल्या, थंड, तुपाशिवाय, रडत रडत. इन्सुलिन घेतलं नाही. पोळीला तेवढं इन्सुलिन घेता आलं असतं, हे मला माहीत होतं. मला ते घ्यायचंच नव्हतं. सकाळी मीटर ४१२ दाखवत होतं. वहीत मी १५० लिहिलं.

तिथून खोट्या आकड्यांची गोडी लागली. खरा आकडा लिहिला की आईचा चेहरा उतरायचा, पप्पा विचारायचे, "काय खाल्लंस?" शुगर म्हणजे जणू रोज लागणारा निकाल, आणि मी रोज नापास. खोटं लिहिलं की घरात शांतता. हळूहळू तपासणंच सोडलं, मग अधूनमधून इन्सुलिनही. मला मरायचं नव्हतं. फक्त एक आठवडा तरी आजार नसल्यासारखं राहायचं होतं.

दिवाळीनंतर पुन्हा उलट्या, पुन्हा तोच खोल श्वास. रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं, वाढले होते. इन्सुलिन चुकलं आणि उलट्या सुरू झाल्या तर घरी लिंबूपाणी देत बसायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा असतो. मी जळगावला तीन दिवस ॲडमिट होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी माझी वही एका हातात घेतली आणि मीटर दुसऱ्या. मीटरमध्ये तारीख-वेळेसकट सगळं साठतं, हे मला माहीतच नव्हतं. आई समोर बसलेली. माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी आईला चहा घेऊन यायला सांगितलं, दार लोटलं आणि विचारलं, "किती महिने झाले असं एकटीनं करतेस?"

मी अर्धा तास रडले असेन. त्या रागावल्या असत्या तर मी घरी जाऊन आणखी हुशारीनं खोटं लिहिलं असतं, याची मला खात्री आहे.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की वयात येताना शरीरातले हार्मोन इन्सुलिनचं काम अडवतात. पाळीच्या आधी काही मुलींची शुगर चढते, टेन्शननंही चढते. म्हणजे सगळं नीट करूनही आकडा चुकू शकतो. दीड वर्षात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरी गोष्ट लिओनार्ड थॉम्पसनची. टोरांटोचा मुलगा, वय चौदा, वजन जेमतेम तीस किलो. तेव्हा या आजारावर उपाशी ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता. ११ जानेवारी १९२२ ला त्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि ते फारसं लागू पडलं नाही, अर्क शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी सुधारलेलं इंजेक्शन दिलं, मग शुगर उतरली. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. चौदा हा आकडा ऐकून मी रडायची थांबले. पहिल्या सुईच्या वेळी त्याला कोणी धीर दिला असेल का, हा विचार कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही.

आई परत आली तेव्हा मॅडमनी आमचं ठरवूनच दिलं. आकडा बघून घरात कोणी "काय खाल्लंस" विचारायचं नाही. "आता किती घ्यायचं" एवढंच विचारायचं. वहीत आकड्यापुढे मी एक शब्द लिहायचा, त्या दिवशी कसं वाटलं त्याचा. आणि रविवार पप्पांचा: तपासणं, हिशोब, युनिट, रात्री तीनचं चेकिंग, सगळं ते करणार. मी फक्त बोट पुढे करायचं.

पप्पा कापसाचा हिशोब तोंडी करणारे माणूस, पण पहिल्या रविवारी जेवणाला किती इन्सुलिन लागेल याचा हिशोब करताना त्यांना घाम फुटला. कळण्याची भाकरी, भरीत, वर अर्धं केळं. त्यांनी दोनदा बेरीज केली, पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे तू रोज चार वेळा करतेस?" मग बराच वेळ अंगणात जाऊन उभे राहिले. मला वाटतं माझा आजार त्यांना त्या दिवशी झाला.

आठ दिवसांनी मी मैत्रिणीला सांगितलं. ती रुसली, दीड वर्ष खोटं बोलले म्हणून. मग तिनंच विचारून घेतलं: हात थरथरले, घाम आला, मी उगाच चिडचिड करायला लागले की शुगर लो. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना. तिच्या कंपासपेटीत दहावीच्या शेवटच्या पेपरपर्यंत साखरेची पुडी होती.

काकूचं मन वळायला वेळ लागला, आणि पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही. लग्नाचा विषय निघाला की ती अजून आवाज खाली आणते. पण उन्हाळ्यात लाईट गेली की फ्रिजमधलं इन्सुलिन ठेवायला दोन मडकी एकात एक घालून मधे वाळू भिजवून तीच ठेवते, आणि ती मडकी आता ओट्यावर असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी.

मी आता जळगावला कॉलेजात आहे, खोली करून राहते. मागच्या महिन्यात परीक्षा, पाळी आणि रूममेटशी भांडण एकदम आलं. चार दिवस वही कोरी राहिली. पाचव्या दिवशी घरी फोन लावला आणि म्हटलं, "पप्पा, हा आठवडा तुमचा." त्यांनी कारण विचारलं नाही. रात्री तीनला फोन वाजला.

"किती?"

"२६०."

"किती घ्यायचं? थांब, मी सांगतो." वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. तिकडे त्यांचीही एक वही आहे. "दोन घे. पाचला पुन्हा करतो फोन. झोप आता."