बर्प एक्स्टेन्शनची २.३.१ आवृत्ती काढताना

बर्प स्वीट या वेबसाइटची सुरक्षा तपासण्याच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या माझ्या एक्स्टेन्शनची (जोड-प्रोग्रॅमची) देखभाल आवृत्ती काढली, २.३.० वरून २.३.१. नवीन सोय एकही नाही. दोन दुरुस्त्या केल्या आणि जुन्या झालेल्या लायब्रऱ्या बदलल्या. अशा आवृत्तीत वापरणाऱ्याचं काहीही बिघडता कामा नये, आणि खरा वेळ त्याची खात्री करण्यातच गेला.

आधी बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवणं. माझ्याकडे जावा २१ आहे. ग्रेडल या बिल्डच्या साधनात ‘रिलीज १७’ असं स्पष्ट लिहिलं नाही तर कंपाइल झालेल्या क्लास फाइलची आवृत्ती ६१ (जावा १७ ची) ऐवजी ६५ (जावा २१ ची) होते, आणि ज्याचं बर्प जावा १७ वर चालतं त्याच्याकडे एक्स्टेन्शन लोडच होत नाही. मोंटोया एपीआय, म्हणजे एक्स्टेन्शनने बर्पशी बोलायचा इंटरफेस, बर्प स्वतःच पुरवतं, म्हणून ते ‘कंपाइल ओन्ली’ ठेवायचं, आपल्या फाइलमध्ये बांधायचं नाही. बाकीच्या लायब्रऱ्या मात्र जार फाइलमध्येच, म्हणजे एक्स्टेन्शनचा कोड बांधलेल्या फाइलमध्येच, हव्यात.

सगळ्यात चिवट दुरुस्ती अनलोडची, म्हणजे एक्स्टेन्शन बर्पमधून काढून टाकण्याची होती. बर्पच्या एक्स्टेन्शनच्या यादीतल्या ‘लोडेड’च्या चौकोनावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की एक्स्टेन्शन पुन्हा लोड होतं. असं पाच वेळा करून जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेडची (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) यादी काढली, तर माझा एकच थ्रेड सहा वेळा दिसला. आपण सुरू केलेले थ्रेड आपणच थांबवावे लागतात. अनलोडिंग हँडलर (अनलोड होताना बर्प चालवतं तो कोड) नोंदवून त्यात थ्रेड थांबवणारं ‘शटडाउन नाऊ’ टाकलं, तरी आकडा कमी होईना. कारण थ्रेडच्या लूपमध्ये सापडलं: ‘शटडाउन नाऊ’ थ्रेडला फक्त इंटरप्ट करतं, म्हणजे थांबण्याचा इशारा देतं, आणि माझा कॅच ब्लॉक (चूक पकडणारा कोड) तो इंटरप्ट गिळून पुढच्या फेरीला जात होता. तिथे ‘रिटर्न’ लिहिल्यावर एकच थ्रेड उरला. बीॲप स्टोअर, म्हणजे बर्पच्या एक्स्टेन्शनचं दुकान, त्याच्या अटींमध्ये स्वच्छ अनलोड ही अट आहेच, पण अट नसती तरी हे करायलाच हवं. टेस्टिंग करणाऱ्याचं बर्प दिवसभर उघडं असतं.

दुसरी दुरुस्ती साधी वाटली होती. सेटिंग ज्या नावाखाली साठवतात त्या एका कीमध्ये स्पेलिंग चुकलं होतं, ते सुधारलं. पण की बदलली की जुनी सेटिंग कोणाला सापडणार? म्हणून आधी नवी की वाचायची, ती रिकामी असेल तर जुनी वाचून तीच किंमत नव्या कीखाली लिहायची. बर्पमध्ये सेटिंग दोन ठिकाणी साठवता येतात: प्रेफरन्सेस वापरणाऱ्याच्या मशीनवर राहतात, एक्स्टेन्शन डेटा प्रोजेक्ट फाइलमध्ये जातो. त्यामुळे २.३.० मध्ये जपून ठेवलेली प्रोजेक्ट फाइल २.३.१ मध्ये उघडून पाहणं टाळू नका. कोऱ्या प्रोजेक्टवर यातलं काहीच दिसत नाही.

मग मॅनिफेस्ट, म्हणजे स्टोअरसाठी एक्स्टेन्शनची माहिती देणारी फाइल. स्क्रीन व्हर्जन माणसांनी वाचायचं, सिरियल व्हर्जन पूर्णांकाने वाढवायचं, यूयूआयडीला (एक्स्टेन्शनच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) हात लावायचा नाही. स्टोअरवाल्यांकडे आपल्या रेपोची (कोडच्या साठ्याची) फोर्क, म्हणजे वेगळी प्रत असते, तिच्यावर पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) पाठवली. कोड ते तपासतात, म्हणून दोन दुरुस्त्यांचे दोन वेगळे कमिट (नोंदवलेले बदल) ठेवले आणि लायब्ररींचा तिसरा.

२.३.० ची जार फाइल रिलीजच्या पानावर तशीच आहे. कोणाचं काही अडलं तर परत जाता येईल. जुनी की मी पुसलेली नाही.