आमची वाटचाल : एका डब्यात एकच अक्षर

लहान मुलांना मुळाक्षरांची ओळख करून देणाऱ्या साहित्याचे डबे आम्ही बनवतो. आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सगळी मुळाक्षरं एकाच पेटीत नाही का मिळत?" नाही मिळत. ‘म’च्या डब्यात फक्त ‘म’ असतो आणि ‘ग’च्या डब्यात फक्त ‘ग’. यात धंदा नाही, हे आमच्या सीएपासून शेजारच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. पण आमचा व्यवसाय उभाच या हट्टावर आहे. तो सोडला तर विकायचं काय?

आधी मी कुडाळला बालवाडी चालवत होते. वर्गात भिंतभर तक्ता होता. मुलं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तालात म्हणायची. पाहुणे खूश, पालक खूश. मात्र मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं, की उत्तर यायचं "मगर!" मूल चित्र वाचत होतं. चित्रावर हात ठेवला की ‘म’ही गायब. तक्त्यावरची मुळाक्षरं मुलांना पाठ होती, पण ओळखीचं त्यातलं एकही नव्हतं.

बालवाडीचा कोर्स करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची ओळख झाली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचं साहित्य गावातल्या बालवाडीला परवडणारं नव्हतं, म्हणून ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरले. माझ्या डोक्यात ते बसलं होतं. खरखरीत कागदाची अक्षरं मीच घरी कापून वर्गात नेऊ लागले. दुसऱ्या बालवाडीच्या ताईंनी पाहिली, त्यांनी मागितली, मग त्यांच्या मैत्रिणीने. पैसे घ्यायला लागले आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब सुरू झाला. कंपनीची स्थापना म्हणायची तर ती एवढीच.

आता ‘म’चा डबा उघडून दाखवते. वर असतो हातातला आरसा. कारण सुरुवात डोळ्यांनी करायची नाही, ओठांनी करायची. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, ते मुलाने आरशात बघायचं. मग नाक चिमटीत धरून "मामा" म्हणायचं. ऐकू येतं "बाबा"! ‘म’चा आवाज नाकातून येतो, वाट बंद केली की त्याचा ‘ब’ होतो. आमच्या साहित्यातला हा सगळ्यात लोकप्रिय खेळ आहे आणि त्याला साहित्य लागतच नाही, ही धंद्याच्या दृष्टीने तशी वाईट बातमी.

त्यानंतर कापडी पिशवी. तिच्यात लाकडी मगर, मडकं, मक्याचं कणीस आणि एक मोठा मणी. हात आत घालून वस्तू चाचपायची, नाव सांगायचं. मुद्दाम एक वाटीही टाकलेली असते, ती "ही आमची नाही" म्हणत बाहेर काढण्यात मुलांना फार मजा वाटते. "मोर का नाही?" असं पालक हमखास विचारतात. मोरात ‘मो’ आहे, माशात ‘मा’ आहे. काना-मात्रा अजून दूर आहेत. पहिल्या ओळखीला ‘म’ एकटाच भेटू दे.

मग पॉलिश पेपरचं अक्षर. मधली दोन बोटं नाही, अंगठ्याशेजारची पहिली दोन, लिहितो त्याच दिशेने फिरवायची. कागद १८० नंबरचा. १२० नंबर कोवळ्या बोटांना बोचतो आणि फारच बारीक घेतला तर बोटाला कळत नाही. शेवटी एक पसरट ट्रे, आपल्या जुन्या धूळपाटीचा नातू. त्यात रवा पसरून अक्षर काढायचं. रवा किंचित भाजून घ्या, नाहीतर कोकणच्या पावसात आठवड्यात किडे होतात. डब्याबरोबरच्या चिठ्ठीत हे छापलंय, तरी फोन येतात.

प्रश्न विचारायची पद्धतही चिठ्ठीत आहे : आधी "हा म", मग "म कुठंय?" आणि शेवटी "हा कोणता?" फ्रेंच डॉक्टर सेगँ यांची ही तीन पायऱ्यांची रीत मॉन्टेसरीबाईंनी उचलली. बहुतेक घरांत थेट तिसरीपासूनच उलटतपासणी सुरू होते.

लाकडी अक्षरांची गोष्ट वेगळीच. माझ्या दिरांचा फर्निचरचा कारखाना आहे. पहिली अक्षरं त्यांनी शिवणीच्या लाकडाच्या फळीतून कापली. ‘म’ सुरेख निघाला. ‘ग’ बघून मात्र ते म्हणाले, "वहिनी, हा टिकायचा नाही. दोन तुकडे नुसते वरच्या पट्टीला लोंबकळतायत." खरंच होतं. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा दंड, म्हणजे उभी रेष, उरलेल्या अक्षराला फक्त शिरोरेषेने धरलेला असतो. लाकडाच्या रेषा उभ्या ठेवल्या तर शिरोरेषा कट्कन मोडते, आडव्या ठेवल्या तर दंड. टेबलावरून पडला की ‘ग’चे दोन भाग. शिरोरेषाच काढून टाका, असंही एकाने सुचवलं. मग ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायचे कसे? या जोड्यांत वरची रेष तुटलेली की सलग, यालाच तर महत्त्व. शेवटी १२ मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं. त्यात एका थराच्या रेषा उभ्या, पुढच्याच्या आडव्या, त्यामुळे अक्षर कुठल्याच बाजूने सहज मोडत नाही. शिरोरेषा थोडी जाड केली. शिवणीचा तो मऊ, उबदार स्पर्श गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

अक्षरांचे साचे कॉम्प्युटरच्या फॉन्टवरून घेतले नाहीत. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिलाय. आमचे साचे गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी हाताने काढलेत. त्यांच्या ‘ल’च्या पाकळ्या बघत राहाव्यात अशा.

पिशवीतल्या वस्तू सावंतवाडीच्या चितारआळीत होतात. तिथले कारागीर लाकडी फळं-भाज्यांसाठी प्रसिद्ध. मगर करून द्या म्हटल्यावर आधी हसले, मग अशी केली की मुलं ती परत द्यायला तयार नसतात.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा आम्ही जवळजवळ बंदच पडणार होतो. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे, पण आमचा डबा त्यात बसत नव्हता. चाचण्या, कागदपत्रं, परवाना यांत वर्षाची कमाई गेली. तरी नियमाबद्दल माझी तक्रार नाही. लहान मुलांच्या खेळण्यातला तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण बसला तर तो घशात अडकू शकतो, असं ही तपासणी मानते. आमचा मणी त्यानंतरच सुपारीएवढा होता तो लिंबाएवढा झाला.

विक्री जूनमध्ये आणि दसऱ्याच्या पाटीपूजनाला. लॉकडाउनमध्ये घरबसल्या आई-बाबांनी डबे मागवले, तिथून ऑनलाइन सुरू झालं. परदेशातल्या नातवंडांसाठी आजी-आजोबा नेतात. ते आधी वजन विचारतात, किंमत नंतर. सर्वांत मोठी ऑर्डर एका शाळेची होती, ती आम्ही सोडली. त्यांना प्रत्येक डब्यात अक्षर गिरवायची वीस पानी वही हवी होती, तीही तीन वर्षांच्या मुलांसाठी. ज्या हाताला अजून वरणभात नीट कालवता येत नाही, त्याच्याकडून वीस पानं ‘म’? दीर आठ दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते. हप्ते त्यांच्याही डोक्यावर आहेत.

क्रमाबद्दलही वाद होतात. जुन्या मास्तरांचं ‘गमभन’ वळणांच्या सारखेपणावर बेतलेलं, लिहायला सोयीचं. ओळखायला मात्र ‘म’ आणि ‘भ’ शेजारी नकोत, म्हणून आम्ही ग, म, न आधी देतो आणि ‘भ’ बराच पुढे ढकलतो.

सध्या अडलंय ‘ळ’पाशी. ‘ळ’ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही, मग पिशवीत घालणार काय? खेळ उलटा करून पाहतोय. शब्दाच्या शेवटी कान लावायचा : फळ, बाळ, कमळ, तांदूळ. लाकडी कमळ आणि फळ तयार आहे. बाळ कापडाचं शिवून घेतोय. चौथी वस्तू ठरत नाहीये. तांदूळ नळकांड्यात बसतो! तुम्हाला काही सुचलं तर कळवा, डबा दिवाळीनंतर काढायचाय.