पारोच्या बाजूने बोलणारी माणसे

आमच्या वाचक मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी एका शाळेच्या सभागृहात भरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, अहवालवाचन आणि जमाखर्चाला मंजुरी या गोष्टी दरवर्षी होतात तशाच होतात, आणि त्यांबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नसते. मेळाव्याचा जीव असतो तो चित्रपटानंतरच्या मनोगतांमध्ये. पडदा गुंडाळण्यापूर्वी ज्याला बोलावेसे वाटेल त्याने पुढे यायचे, नाव सांगायचे आणि पाहिलेल्याबद्दल पाच मिनिटे बोलायचे, एवढाच नियम आहे. मंडळाचा कार्यवाह म्हणून मी नामवंत वक्त्यांची पुष्कळ भाषणे ऐकली, पण मनात राहिली ती या पाच मिनिटांच्या मनोगतांतली वाक्ये. त्यातही ‘देवदास’ची वर्षे मला विशेष प्रिय आहेत.

बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. जमीनदाराचा मुलगा देवदास, त्याची बालमैत्रीण पारो आणि नंतर त्याच्यावर जीव लावणारी गणिका चंद्रमुखी यांची ही गोष्ट. पारोचे लग्न दुसरीकडे होते आणि देवदास दारूत बुडून मरतो. मामा वरेरकरांनी शरदबाबूंचे साहित्य इतक्या आपलेपणाने मराठीत आणले, की आमच्या जुन्या सभासदांना हा लेखक परका कधी वाटलाच नाही. मात्र देवदास म्हटले की प्रत्येक पिढीच्या डोळ्यांसमोर वेगळा चेहरा उभा राहतो. कुणाला सैगल दिसतात, कुणाला दिलीपकुमार आणि कुणाला शाहरुख खान. म्हणूनच आम्ही ठरवले, की एका मेळाव्यात ‘देवदास’चा एकच चित्रपट दाखवायचा आणि तो पाहण्यापूर्वी प्रत्येकाने कादंबरी वाचून यायचे. कादंबरी लहान आहे, दोन संध्याकाळी संपते. तरीही न वाचता येणारे दरवर्षी असतातच, आणि चर्चेत सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो, हे येथे नोंदवून ठेवतो.

पहिला मान अर्थातच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेच्या चित्रपटाला मिळाला. प्रमथेश बरुआंनी १९३५ साली बंगालीत ‘देवदास’ केला, नायकाची भूमिकाही स्वतःच केली, आणि पाठोपाठ हिंदी आवृत्ती काढून तिच्यात कुंदनलाल सैगल यांना उभे केले. आम्ही हिंदी आवृत्ती दाखवली. त्या संध्याकाळी सभागृह निम्मे रिकामे होते. ‘जुना आहे, आवाज नीट ऐकू येत नाही’ अशी सबब सांगून ज्यांनी येण्याचे टाळले, त्यांत कार्यकारिणीचे काही सदस्यही होते, याचे मला आजही वाईट वाटते. जे आले त्यांनी ‘बालम आये बसो मोरे मन में’ सुरू होताच माना डोलवल्या, आणि ‘दुख के अब दिन बीतत नाहीं’ संपल्यावर थोडा वेळ कुणी खुर्चीत हललेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ ठेवला होता. देवदासची निराशा तरुणांच्या मनाला घातक आहे, असे व्ही. शांताराम यांना वाटत होते, आणि १९३९ साली त्यांनी त्याला चित्रपटानेच उत्तर दिले. म्हणजे ‘देवदास’वरची सर्वांत मोठी मराठी प्रतिक्रिया आमच्याच पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत घडली. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि आमचे अनेक सभासद तिच्यावरून रोज ये-जा करतात.

‘माणूस’चा नायक गणपत हा पोलीस शिपाई आहे. त्यामुळे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका, जे एरवी कधीच बोलत नाहीत, त्या सकाळी पुढे आले. ते म्हणाले, “रात्रपाळी करणाऱ्याला दारू पिऊन रडत बसण्याची सोय नसते. सकाळी हजेरी असते. देवदासच्या घरी जमीनदारी होती, म्हणून त्याला मरायला इतकी वर्षे मिळाली.” सभागृहात टाळ्या पडल्या. लगेच एक वहिनी उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की काकांचे खरे आहे, पण गणपतचे जिच्यावर प्रेम आहे ती वेश्या मैना तुरुंगात जाते आणि देवदासची पारो म्हाताऱ्या बिजवराच्या घरात जाते. पुरुषाने रडावे की कामावर जावे एवढ्यावरच आपण किती वर्षे वाद घालणार? त्या एका प्रश्नाने पुढच्या सगळ्या मेळाव्यांचे बोलणे वळले, असे माझे मत आहे.

बिमल रॉय यांचा १९५५चा ‘देवदास’ दाखवला त्या वर्षी गर्दी चांगली होती. सैगलांच्या चित्रपटाचे छायाचित्रण ज्या बिमलदांनी केले होते, त्यांनीच वीस वर्षांनी तीच कथा पुन्हा हाती घेतली आणि आपला चित्रपट बरुआ व सैगल यांना अर्पण केला. राजिंदरसिंह बेदींचे संवाद, साहिरची गीते, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, मोतीलालांचा चुन्नीबाबू, अशी माणसे एका चित्रपटात एकत्र येणे आता दुर्मिळ आहे. दिलीपकुमारवर भाषणे होणार हे गृहीत धरून मी तशी वेळही राखून ठेवली होती. ती झालीही, आणि चांगली झाली. परंतु मनोगतांचा ओघ पुन्हा पुन्हा थांबला तो एका लहानशा प्रसंगापाशी. रस्त्यावरून पालखीत पारो चालली आहे, समोरून चंद्रमुखी पायी येते आहे, दोघी एकमेकींकडे पाहतात, दोघींनाही समोरची कोण ते ठाऊक नाही, आणि एकही शब्द न बोलता दोघी आपापल्या वाटेने निघून जातात. कादंबरीत या दोघींची भेटच नाही. बिमलदांनी ती घडवली आणि घडवूनही घडू दिली नाही. मला स्वतःला या कथेच्या सगळ्या चित्ररूपांमध्ये याहून मोठा क्षण दिसलेला नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई बोलल्या. बाईंनी आयुष्यभर शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांकडून भाषणे बसवून घेतली, पण स्वतः मेळाव्यात त्या कधी व्यासपीठावर आल्या नव्हत्या. त्यांनी चित्रपटाबद्दल फारसे काही सांगितले नाही, सरळ कादंबरीतल्या रात्रीकडे गेल्या. पारो एकटी, अपरात्री, जमीनदाराच्या वाड्यात जाते आणि देवदासला जागे करून त्याच्या पायांशी जागा मागते. बाई म्हणाल्या, “त्या मुलीला ठाऊक होते की उद्या गाव काय म्हणेल. तरी ती गेली. तो मात्र दुसऱ्या दिवशी आईवडिलांना विचारतो, शहरात पळतो आणि पत्राने नकार कळवतो. शंभर वर्षे आपण रडतो ते त्याच्यासाठी. मी शाळेत असताना अशा किती मुली पाहिल्या, धीर करून बोललेल्या आणि नंतर गप्प झालेल्या. त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.” एवढे बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या. नंतर कुणीतरी आठवण करून दिली, की याच चित्रपटासाठी वैजयंतीमालांनी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार नाकारला होता, कारण चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची नायिका आहे असे त्यांचे म्हणणे होते. बाईंनी मान डोलावली आणि “बरोबरच केले” एवढेच म्हणाल्या.

संजय लीला भन्साळी यांचा २००२चा चित्रपट लावला त्या वर्षी खुर्च्या अपुऱ्या पडल्या आणि शेजारच्या वर्गातले बाक आणावे लागले. माधुरी दीक्षितला मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहण्यासाठी सभासदांचे नातेवाईक, शेजारी, मुले, नातवंडे सगळी आली. नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेल्या त्या झगमगत्या हवेल्या पाहून आमच्या लोकांना अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा. दुःख एवढेच, की चित्रपट संपताच चहाच्या वासाने निम्म्याहून अधिक मंडळी बाहेर गेली आणि त्यांतली बहुतेक परत आली नाहीत. त्या मंडळींचे वर्षातले सर्वांत चांगले भाषण हुकले.

वाद अपेक्षितच होता. आमच्या ज्येष्ठांना तो चित्रपट सोसला नाही. मूळ कथेत देवदास कलकत्त्याला शिकायला जातो, येथे तो लंडनहून परततो. मूळ कथेत तो मासे धरण्याच्या काठीने पारोच्या कपाळावर वार करतो, येथे त्या वाराचाही दागिना होतो. आणि ज्या दोघी कधी भेटल्या नाहीत, त्या येथे दुर्गापूजेत हातात हात घालून ‘डोला रे डोला’वर नाचतात. एका आजोबांनी, सैगल त्यांचे दैवत, ही शरदबाबूंची विटंबना असल्याचे सांगितले. त्यांच्यानंतर मागच्या रांगेतून महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी पुढे आली. ती आजोबांना नमस्कार करून म्हणाली, “आजोबा, तुमचे सगळे पटते. लंडन नको होते, इतके कंदीलही नको होते. पण इतकी वर्षे या दोघींबद्दल एकच पुरुष बोलतो आहे, तोही शुद्धीत नसताना. एकदा त्यांना एकमेकींचा हात धरू द्या ना.” आजोबा काही बोलले नाहीत, पण तिच्या पाठीवर हात ठेवून खाली बसले. बिमलदांचे मौन मला आजही अधिक श्रेष्ठ वाटते, तरीही भन्साळींच्या बाजूने इतके नेमके बोललेले मी अन्यत्र कुठे वाचले नाही. पुढे अनुराग कश्यप यांचा २००९चा ‘देव.डी’ दाखवला तेव्हा पंजाबातली पारो पाहून काही घरांतून तक्रारी आल्या, चर्चा मात्र पातळ झाली. त्यावर अधिक लिहीत नाही.

एका मनोगताचा उल्लेख राहून गेला तर मला चैन पडणार नाही. एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे एक चालक सभासद, बिमलदांच्या चित्रपटानंतर सर्वांत शेवटी बोलले. मरणाच्या दारात असलेला देवदास पांडुआ स्थानकात उतरतो आणि बैलगाडीने पारोच्या सासरच्या गावाकडे, हातीपोताकडे निघतो. वाटेत तो पुन्हा पुन्हा विचारतो, अजून किती लांब आहे. आमचे काका म्हणाले, की सगळे पारोच्या बंद होणाऱ्या दाराबद्दल बोलले, पण त्या गाडीवानाबद्दल कुणी बोलले नाही. अनोळखी, आजारी माणसाला घेऊन खराब रस्त्याने जाणे म्हणजे काय, हे त्यांनी रात्रीच्या गाडीत अनुभवले होते. “उतारूचे नाव माहीत नसते, पण गाव येईपर्यंत तो आपला असतो,” असे ते म्हणाले. शरदबाबूंनी कादंबरीच्या शेवटी वाचकाला देवदाससाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. मरताना कपाळावर मायेचा हात फिरावा एवढीच ती मागणी आहे. तो परिच्छेद त्यानंतर ग्रंथपाल ताईंनी वाचला आणि मेळावा आटोपला.

आता आभार. पडदा आणि प्रक्षेपक सांभाळणारे काका आणि वायर धरून उभा राहणारा त्यांचा भाचा. सभागृह देणारी शाळा आणि रविवारी कुलूप उघडायला येणारे शिपाईमामा. कादंबरीच्या प्रती जमवून त्यांची यादी ठेवणाऱ्या ग्रंथपाल ताई. निमंत्रणपत्रिका हाताने वाटणारे दोघे जण. तिळाच्या वड्या करणाऱ्या तिघी मावश्या, आणि चौथ्या, ज्यांचे नाव गेल्या वर्षी अहवालात राहिले व ज्यांनी त्याबद्दल एका शब्दानेही विचारले नाही. मनोगते वहीत उतरवून घेणाऱ्या लेखनिक वहिनी, ज्यांच्या वहीशिवाय हा लेख झालाच नसता. बाक वाहून आणणारी मुले. ज्येष्ठांना रिक्षात बसवून देणारे खजिनदार. आणि आता आपल्यात नसलेले ते सैगलभक्त आजोबा. आणखी कुणाचा उल्लेख राहिला असल्यास कृपया कळवावे, वार्षिक अहवालात तो अवश्य येईल.

यंदा १९५३चा तेलुगू ‘देवदासु’ दाखवायचा आहे, अक्किनेनी नागेश्वरराव आणि सावित्री यांचा. सोलापूरहून आलेल्या आमच्या एक सभासद वहिनींच्या घरी तेलुगू बोलली जाते. त्या चित्रपट चालू असताना ध्वनिवर्धकावरून संवादांचा अर्थ मराठीत सांगणार आहेत. मनोगतांची वेळ वाढवून दीड तास केली आहे, आणि चहा या वर्षापासून बाहेर न ठेवता सभागृहातच, खुर्च्यांपाशी आणून दिला जाईल.